आईने निवडलेली बोट

नाशिक, १२ जानेवारी २०२५

दादा,

नमस्कार-चमत्कार पुढच्या पत्रात. तुझा फोन आम्हा सगळ्यांसाठी बंद आहे म्हणून कागद घेतला. पोस्टमनला काही तू ब्लॉक करू शकत नाहीस. पत्ता कोणी दिला ते सांगणार नाही. फाडायचं असेल तर फाड, पण आधी वाच, मग फाड.

आईला बोटीत बसायचंय.

हो, आपल्याच आईला. मी दोनदा विचारून खात्री केली. जी बाई सार्थक गेल्यापासून गंगापूर धरणाच्या रस्त्याने गाडी नेऊ देत नाही, पाहुण्यांच्या न्हाणीत भरलेलं पिंप दिसलं तर झाकण शोधत बसते, ती आई. माझा अजून विश्वास बसत नाही.

झालं असं, की येत्या एप्रिलमध्ये नाना-आईच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. रविराज म्हणाला, द्राक्षं निघाली की वेलींच्या खरडछाटणीआधी चार दिवस सगळ्यांनी कुठेतरी जाऊ. तुझ्या या मेहुण्याला तू पाहिलेलं नाहीस. सातपूरला कारखान्यात असतो, स्वभावाने गरीब आहे, माझ्याशी संसार करतो यावरून ओळख. तर संक्रांतीचं बोलावणं करायला आम्ही मळ्यावर गेलो होतो. मी विचारलं, "आई, कुठं जायचं? अक्कलकोट, गाणगापूर, शेगाव?"

आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "गोव्याला. आन् तिथं एक बोट घ्या भाड्यानं. आपली आपली. दुसरी माणसं नको तीत."

नानांच्या तोंडातला घास तसाच राहिला. "डोकं फिरलं का तुझं?"

"फिरलं आसंल. पर मला बसायचंय."

नाना ताटावरून उठले. भरल्या ताटावरून उठलेले नाना मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिले. पहिल्यांदा कधी ते तुला माहीत आहे.

आपला भाऊ कसा गेला, ती गोष्ट आमच्याकडे कोणी उच्चारत नाही, म्हणून मीच एकदा लिहून टाकते. शेततळ्यातल्या पंपाच्या फुटव्हॉल्व्हला, पाणी ओढणाऱ्या तोंडाला, कचरा अडकला. सार्थक तो काढायला गेला आणि तळ्यात अंथरलेल्या कागदावर पाय घसरून आत गेला. त्या काळ्या प्लास्टिकवर शेवाळ धरलं की माणसाला वर येता येत नाही. तू काठावर होतास. ठिबकची नळी फेकलीस, ओरडलास, हाताला लागेल ते फेकलंस. तुला पोहता येत नव्हतं. त्यालाही येत नव्हतं, नानांना नव्हतं, मला नव्हतं. कोटभर लिटर पाणी साठवलं आपण, आणि पोहणारं माणूस घरात एकही नव्हतं. आजूबाजूच्या मळ्यांवरही हेच आहे. तळी सगळ्यांकडे आहेत, पोहणं कोणाकडेच नाही.

मग दशक्रियेला कादवा नदीच्या काठी, प्रवचन आटोपल्यावर, सगळ्या भाऊबंदांसमोर नानांनी तुला विचारलं, "तू उडी का नाय मारली?" तू चप्पल घातलीस आणि निघालास. त्याला आता आठ वर्षं होतील. तुझ्यामागे नानांनी ते तळं बुजवलं. त्या जागी काही लावत नाहीत, नुसतं गवत माजलंय.

आणि आता ही म्हणते बोट! मला काय करावं कळत नाही. तुला कळत असेल तर कळव.

सायली


नाशिक, ३ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, मीही तुझीच बहीण आहे.

बोट म्हणजे बोट, असं मी आजवर समजत होते. गोव्यात सुनील म्हणून एकजण आहे, तो खाजगी बोटी ठरवून देतो. त्याला फोन केला तर तो मलाच विचारतो, "मॅडम, आधी हे सांगा, बोटीत तुम्हाला करायचं काय? मुक्काम करायचा, मासे धरायचे, पार्टी करायची की पाण्यात उतरायचं? ते सांगा, मग मी बोट सांगतो." माणूस हुशार आहे. लग्न जमवताना कोणी एवढं विचारलं असतं तर बऱ्याच जणांचं भलं झालं असतं.

त्याने फोटो पाठवले आणि आमच्या घरात जुंपली. रविराजने पहिला प्रश्न विचारला, एचपी किती? त्याला वाटतं आपण ट्रॅक्टर घेतोय. नाना म्हणाले, "मी येनार नाय. आन् आलोच तर लोखंडी घ्या, कठडा छातीपर्यंत पायजे, आन् जाकिटं मान्सांच्या दुप्पट." म्हणजे येणार आहेत. आईला एकटीला पाण्यावर सोडायची त्यांची छाती नाही.

मला हाऊसबोट पसंत होती. ती नदीतच फिरते, हलत नाही, पलंग, पंखा, स्वैपाकी, सगळं आत. आईने फोटो पाहून फोन परत दिला. "हे तर लॉज हाय. यात बसून पान्याला काय कळनार, आपन आलोय ते?" शिडाची बोट वाऱ्यावर एका अंगाला कलते, तिचा फोटो पाहून नाना गोठ्यात निघून गेले. मग कॅटमरान पाहिली. दोन होड्या शेजारी शेजारी ठेवून वर एकच ओटा घातलेला, त्यामुळे डुलत नाही. मला वाटलं, हिच्यावर तरी एकमत होईल. पण तिचा ओटा पाण्यापासून फार उंच, असं आई म्हणाली.

शेवटी तिनेच बोट निवडली. मोटरची, मध्यम, सात-आठ माणसांची. तिला मागच्या अंगाला पाण्यालगत एक रुंद फळी आहे आणि फळीवरून पाण्यात सोडलेली शिडी. आईने तो फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला. मग मला विचारलं, "शिडी पान्यात कुठवर जाती? मागचं दार आपल्याला उघाडता येतं का, का त्यो खलाशीच उघाडतो? आन् तिथं पानी किती खोल आसंल?"

मी फोन काढून घेतला. "तुला कशाला हवंय ते?" तर म्हणाली, "आसंच."

असंच कोणी विचारतं का दादा? हे एवढंच असतं तर मी मनाला समजावलं असतं. पण परवा आमच्याकडे आली तेव्हा तिने कानातली फुलं काढून माझ्या डब्यात टाकली. लग्नापासून जी कधी उतरवली नाहीत, ती. "तुलाच ऱ्हाऊ दे. मला आता नडत्यात ती," म्हणाली. ऐन द्राक्षतोडीत, मळ्यावर मजूर आणि व्यापारी यांची गर्दी असताना, ती गुडघ्यांचं निमित्त काढून आमच्याकडे येऊन राहते. बागेकडे लक्ष नाही, नानांशी भांडण नाही. आईचं भांडण थांबलंय, हे मला सगळ्यात भयंकर वाटतं.

सरळ लिहिते. मला भीती वाटते की आई त्या शिडीने उतरेल आणि परत वर येणार नाही. सार्थककडे जायची वाट शोधतेय ती. नानांना हे बोलायची माझी हिंमत नाही.  तू ये. नानांसाठी नको येऊस, माझ्यासाठीही नको, तिच्यासाठी ये.

सायली


नाशिक, २० फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. एकच ओळ, "शिडीची बोट घेऊ नकोस." खाली नाव नाही, वर तारीख नाही. पण अक्षर ओळखलं आणि जिन्यातच बसून रडले. शेजारच्या राखीने विचारलं, काय झालं? म्हटलं, चांगली बातमी आहे. ती घाबरून पाणी घेऊन आली.

आता बस कुठेतरी आणि मग पुढचं वाच. उभ्याने वाचू नकोस.

तुझी ओळ वाचून मी ठरवलं की आईची पिशवी बघायची. कोणाची पिशवी चोरून बघणं वाईट, ते मला ठाऊक आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर झोपेच्या गोळ्या येत होत्या, औषधाची बाटली येत होती. फवारणीचं घर आपलं, विषाला काय तोटा! ती शेजारी गेलेली पाहून मी पिशवी पलंगावर उपडी केली. दोन लुगडी निघाली, तंबाखूची मशेरी निघाली, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी ओलं. उघडलं. काळा, कोपरापर्यंत बाह्यांचा, गुडघ्यापर्यंत पायांचा पोहायचा पोशाख. त्याच्यासोबत पाण्यातला चष्मा आणि रबरी टोपी. टोपी जांभळी, तिच्यावर पांढरी फुलं.

आई दारात उभी होती. मी तो पोशाख हातात धरून नुसती बघत राहिले. 

"वाळत घाल," आई म्हणाली. "तिकडं बाल्कनीत नको, आतच घाल."

"हे कोणाचं?"

"तुझ्या आज्जीचं. आगं, माझंच. गेल्या उन्हाळ्यापासून शिकतीय."

गुडघ्यांचा दवाखाना! गेल्या उन्हाळ्यापासून ती अधूनमधून आमच्याकडे राहायची तेव्हा रविराज तिला रोज कामावर जाता जाता दवाखान्याच्या कोपऱ्यावर सोडायचा. तो वळला की ही रस्ता ओलांडून तरणतलावावर. तिथे बायकांची सकाळची बॅच असते. आत जाताना दागिने काढून ठेवावे लागतात, म्हणून ती कानातली फुलं नडत होती. आणि मी इकडे अश्रू गाळत होते!

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर गेले. जिच्या डोक्यावरचा पदर मी माझ्या लग्नातसुद्धा ढळलेला पाहिला नाही, ती माझी आई जांभळी टोपी घालून कठड्यावर उभी राहिली. नाक धरलं आणि उडी मारली. मी किंचाळले. सगळ्या बॅचने माझ्याकडे पाहिलं. आई पाण्याखालून अर्धा तलाव ओलांडून वर आली, चष्मा कपाळावर केला आणि म्हणाली, "वरडू नको, लाज वाटती."

बाहेर आल्यावर आम्ही उसाचा रस घ्यायला थांबलो. मी विचारलं, "कशासाठी हे सगळं?" 

ती म्हणाली, पहिल्यांदा ती नुसतं बघायला गेली होती, की पाण्यात माणसाला काय होतं. सार्थकला काय झालं असेल ते तिला कळायला हवं होतं. तिथल्या पल्लवी मॅडम शिकवायला लागण्याआधी सगळ्यांना एक गोष्ट सांगतात. बुडणारा माणूस हाताला येईल त्याला मिठी मारतो आणि त्यालाही खाली नेतो. ज्याला पोहता येत नाही त्याने उडी मारायचीच नाही. काठावर थांबायचं, ओरडायचं, आणि दोरी, काठी, नळी, जे सापडेल ते फेकायचं.

"हर्षलनं नळीच फेकली व्हती," आई म्हणाली. "ठिबकची. माझ्या डोळ्याम्होरं हाय ती, तळ्यात पडल्याली. मॅडमनी सांगितलं त्या दिवशी मला घरी येऊन घास गेला नाय, सायली. त्यानं उडी मारली आसती तर माझी दोन गेली आसती."

दादा, तू बरोबर केलंस. हे मी मायेने लिहीत नाही. तिथे भिंतीवर लिहून लावलंय तसंच्या तसं तू केलंस, कोणी न शिकवता. हे मला आठ वर्षं कळलं नाही याची मला लाज वाटते.

आईने हे नानांना सांगून पाहिलं. एकदा नाही, तीन-चार वेळा. नाना म्हणाले, "काठावरच्या गप्पा हाय या," आणि टीव्हीचा आवाज वाढवला. आई पोहते हे मात्र त्यांना ठाऊक नाही. मला तिने तुझी शपथ घातली आहे. म्हणून बोट ठरवली, तीच, शिडीची. आई गोव्याच्या पाण्यात उतरणार, नाना बघणार, आणि मग ती त्यांच्याशी बोलणार, असा तिचा बेत आहे. सुनीलला मी सगळं सांगून ठेवलं आहे. कप्तान आणि एक पोहणारा खलाशी बरोबर असतील. काळजी करू नकोस.

ओळ लिहिलीस, बरं वाटलं. पुढच्या वेळी दोन लिही.

सायली


नाशिक, ८ एप्रिल

दादा,

काल परत आलो. 

बेत मला अर्धाच सांगितला होता त्या बाईने.

सकाळी बोट निघाली. नानांनी जाकीट लॉजवरूनच चढवलं होतं. रिक्षावाला हसत होता. बोटीत चढल्यापासून ते मधल्या खांबाला धरून बसले. एका बेटाच्या आडोशाला, पाणी शांत होतं तिथे, कप्तानाने नांगर टाकला. रविराज फोटो काढत होता, मी डब्यातले ठेपले सोडत होते. आई म्हणाली, "मी मागं जाऊन तोंडावर पानी मारून येते." मला वाटलं, आता शिडीने उतरेल, मग आम्ही नानांना हाक मारू. खलाशाकडे पाहिलं, त्याने मान हलवली.

ती शिडीने उतरलीच नाही. लुगड्याखाली पोशाख घालूनच आली होती; लुगडं फळीवर घडी करून ठेवलं आणि सरळ उडी मारली.

आवाज ऐकून नाना वळले. फळीवर लुगडं होतं आणि आई नव्हती.

"कुसा!"

आईला आपल्यासमोर नावाने हाक मारलेली तू कधी ऐकलीस? मीही नाही. नाना धडपडत मागच्या दारापर्यंत गेले. दार उघडं होतं, समोर शिडी होती, अंगात जाकीट होतं. गुडघे वाकवले, अंग पुढे झुकवलं. आणि दोन्ही हातांनी कठडा इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. "उडी मारा रे! कोनीतरी उडी मारा!" ओरडत होते. आम्हाला ओरडत होते, कप्तानाला, त्या खलाशाला. खलाशी आईकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता, ते त्यांच्या कानात शिरत नव्हतं. आणि मला, सगळं ठाऊक असलेल्या मला, त्या वेळी एक शब्द बोलता आला नाही. 

आई पाण्याखालून पार लांब जाऊन वर आली. हात मारत मारत परत आली. शिडी धरली आणि वर न चढता नानांकडे पाहिलं.

"तुमी का नाय मारली?"

आवाज चढवला नव्हता तिने. जेवायला का आला नाहीत, असं विचारावं तसा होता.  नानांचे हात कठड्यावरून सुटत नव्हते. रविराजने एकेक बोट उचलून ते सोडवले. मग ते त्या ओल्या फळीवरच बसले. लहान पोर रडतं तसे रडले, दादा. नानांना रडताना मी सार्थकच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

मला आईचा इतका राग आला! वर येऊन ती केस पिळत होती, तिथेच मी भांडले. "त्यांच्या छातीत काही झालं असतं म्हणजे? असं कोणी करतं का?" ती म्हणाली, "सांगून कळत नव्हतं. लय सांगितलं मी. ही बोट मी काय उगाच निवडली व्हय?" नंतर म्हणाली, "मलाबी भ्या वाटलं गं. त्यांनी खरंच मारली आसती तर?" आणि नानांच्या शेजारी जाऊन बसली. ओल्या हाताने त्यांच्या जाकिटाचे पट्टे सोडत राहिली.  मी अजून तिच्याशी नीट बोलत नाही, आणि ती बरोबर होती हेही मला कळतंय, दोन्ही एकदम चालू आहे.

आज सकाळी नानांनी तुझा पत्ता मागितला. म्हटलं, मी लिहितेच आहे, खाली जागा आहे. ते आमच्याच टेबलाशी दुपारभर बसले. त्यांच्या ओळी मी वाचल्या, पण कुठे हात लावलेला नाही.

सायली


हर्षल,

सायलीने लिहिलं ते सगळं खरं आहे.

तुझी आई पाण्यात दिसत नव्हती. मला जाकीट होतं, शिडी होती, शेजारी पोहणारी माणसं होती. तरी माझे हात सुटले नाहीत. तुझ्याजवळ यातलं काहीच नव्हतं. मी तुला जे विचारलं ते बापाने पोराला विचारायचं नव्हतं. माझा एक पोरगा पाण्याने नेला, दुसरा मी घालवला.

सगळ्यांसमोर विचारलं होतं, म्हणून सगळ्यांसमोरच सांगणार आहे. वैशाखात सार्थकचं श्राद्ध आहे. दशक्रियेला जे जे होते त्या सगळ्या भाऊबंदांना निरोप दिले आहेत. कादवेच्या काठीच बोलावणार होतो. पण तू आलास तर तुला पुन्हा पाण्याजवळ उभं राहायला लागू नये, म्हणून घरी बोलावलं आहे.

नाना